इनुगामी घराण्याचं मृत्युपत्र: 1976 च्या जपानी रहस्यपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोन इचिकावा यांचा ‘इनुगामी-के नो इचिझोकु’, म्हणजे ‘इनुगामी घराणं’, हा चित्रपट मी आजवर बऱ्याच जणांना शेजारी बसवून दाखवला आहे. प्रश्न दर वेळी जवळपास तेच येतात. काही पहिल्या दहा मिनिटांत येतात, काही चित्रपट संपून दिवे लागल्यावर. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. खुनी कोण, हे कुठेही सांगितलेलं नाही. मृत्युपत्रात काय आहे ते मात्र सांगावंच लागतं, कारण त्याच्यापासूनच सगळं सुरू होतं आणि चित्रपटातही ते लवकरच वाचलं जातं.

हा चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

साल 1947. जपान युद्ध हरून दोन वर्षं झाली आहेत. नागानो भागातल्या डोंगरांमध्ये, एका तळ्याकाठच्या नासू नावाच्या गावी साहेइ इनुगामी हा गडगंज म्हातारा शेवटच्या घटका मोजतो आहे. गादीभोवती सगळं घराणं गुडघे टेकून बसलंय. मृत्युपत्रात काय आहे, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न एका मुलीच्या तोंडून बाहेर पडतो. म्हातारा काही न सांगताच जातो. मृत्युपत्र वकिलांकडे असतं आणि सगळे वारस एकत्र जमल्याशिवाय ते वाचायचं नाही, अशी अट असते. एक नातू अजून युद्धावरून परतायचा असतो.

मग वकिलाच्या कचेरीतला एक तरुण कर्मचारी घाबरून टोकियोच्या एका खासगी गुप्तहेराला बोलावून घेतो. गुप्तहेर गावात येतो, पण त्याला काही सांगण्याआधीच तो तरुण विषप्रयोगाने मरतो. इथून पुढे मृत्युपत्र वाचलं जातं आणि एकामागून एक खून पडतात.

नाती डोक्यात राहत नाहीत. सोपं करून सांगता येईल का?

येईल, आणि मराठीत तर ते इंग्रजी सबटायटल्सपेक्षा जास्त सोपं आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे.

साहेइने लग्न केलंच नाही. तीन वेगवेगळ्या रखेल्यांपासून त्याला तीन मुली झाल्या: थोरली मात्सुको, मधली ताकेको, धाकटी उमेको. म्हणजे या तिघी सावत्र बहिणी, बाप एक आणि आया तीन. प्रत्येकीला एक मुलगा. मात्सुकोचा सुकेकियो, ताकेकोचा सुकेताके, उमेकोचा सुकेतोमो. हे तिघे मावसभाऊ. ताकेकोला सायोको नावाची मुलगीही आहे आणि तिचा जीव सुकेतोमोवर जडलेला आहे.

या सगळ्यांच्या बाहेरची, पण घरातच राहणारी, तामायो. साहेइ पोरका, भुकेला, अंगावर धड कपडे नसलेला असा नासूला आला, तेव्हा तिथल्या शिंतो देवळाच्या पुजाऱ्याने त्याला आसरा दिला, शिकवलं, मोठं केलं. त्या पुजाऱ्याची नात म्हणजे तामायो. वरवर पाहता इनुगामींशी तिचं रक्ताचं नातं काहीच नाही.

शिवाय एक नाव कुजबुजत घेतलं जातं: शिझुमा. साहेइला उतारवयात किकुनो नावाच्या तरुण बाईपासून झालेला मुलगा. तो कुठे आहे, जिवंत तरी आहे का, कुणालाच ठाऊक नाही.

तिन्ही बहिणींच्या नावांत ‘मात्सु’, ‘ताके’, ‘उमे’ हे शब्द आहेत, म्हणजे चीड, बांबू आणि उमे हे जर्दाळूच्या जातीचं झाड. जपानमध्ये या तिघांची जोडणी शुभ मानतात, आणि तिला उतरत्या श्रेणीचाही अर्थ आहे: हॉटेलात जेवणाची थाळीसुद्धा मात्सु, ताके, उमे अशा तीन प्रतींची मिळते. बापाने पोटच्या मुलींची नावं अशी ठेवावीत, हे मला दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना जाणवलं आणि तेव्हापासून त्या म्हाताऱ्याबद्दल जी थोडीफार सहानुभूती होती तीही संपली.

मृत्युपत्रात असं काय लिहिलंय?

घराण्याची सगळी मालमत्ता, धंदा आणि वारसाची खूण असलेल्या तीन वस्तू तामायोला. अट एकच: तिने तीन नातवांपैकी एकाशी लग्न करायचं. कुणाशी, ते तिने ठरवायचं. तिने तिघांनाही नाकारून दुसऱ्याशी लग्न केलं, तर तिचा हक्क गेला. तिघेही मेले, तर ती कुणाशीही लग्न करायला मोकळी. तामायोच मेली, तर मालमत्तेचे पाच भाग करायचे: तीन नातवांना एकेक आणि उरलेले दोन शिझुमाला.

आता नीट पाहा. तिन्ही मुलींचं नाव कुठेच नाही. त्यांना बापाने एक पैसाही ठेवलेला नाही. आणि अटी अशा विणल्या आहेत की घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाने फायदा व्हावा. तामायो मेली तर शिझुमाचं भलं, एक नातू मेला तर उरलेल्या दोघांचं, तिघेही मेले तर तामायोचं.

मृत्युपत्राच्या वाचनाचा प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकतो. मोठं दालन, शेवंतीच्या फुलांनी मढवलेली वेदी, म्हाताऱ्याचा प्रचंड फोटो, आणि वकील फुरुदाते एका सुरात वाचत जातात. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर क्षणभर थांबून पुढच्यावर उडी घेतो. कुणी ओरडायच्या आतच आपल्याला दिसतं, की कोण कुणाकडे बघतंय. माझ्या आजोळी वाटणी झाली तेव्हा मी दहाएक वर्षांचा होतो. तलाठ्याचे कागद पुढ्यात होते आणि मोठी माणसं कागदांकडे बघतच नव्हती, एकमेकांच्या हातांकडे बघत होती. ते बघणं पुन्हा पडद्यावर दिसलं ते इथेच.

असं मृत्युपत्र कोर्टात टिकलं असतं का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर चित्रपटाच्या सालातच दडलंय.

युद्धाआधीच्या जपानी कायद्यात ‘घर’ ही संस्था होती. घराचा एक प्रमुख असायचा, आणि तो गेला की प्रमुखपद आणि त्याबरोबरची मालमत्ता एकाच वारसाकडे जायची, बहुधा थोरल्या मुलाकडे. 3 मे 1947 ला नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या 24 व्या कलमानुसार लग्न फक्त दोघांच्या संमतीवर आधारलेलं असेल, असं ठरलं. 1 जानेवारी 1948 पासून सुधारलेली नागरी संहिता लागू झाली, घरप्रमुखाची वारसापद्धत गेली आणि मुलगे-मुली समान वारस झाले. म्हणजे इनुगामींचं भांडण जुना कायदा मावळताना आणि नवा उगवताना चाललंय.

मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेला हिस्सा ही कल्पना जपानच्या जुन्या संहितेतही होती आणि नव्यातही राहिली. बापाने मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी मुलांचा तो किमान हिस्सा बुडत नाही. आज तो साधारण निम्म्या मालमत्तेइतका आहे, आणि तो मागायचा असेल तर गोष्ट कळल्यापासून एका वर्षात मागावा लागतो. म्हणजे आजच्या कायद्याने मात्सुको, ताकेको आणि उमेको या तिघी वकिलाकडे गेल्या असत्या, तर त्यांना रिकाम्या हाताने परतावं लागलं नसतं. लग्नाची अटही सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध म्हणून रद्द होण्याची दाट शक्यता होती.

लग्नाबाहेर झालेल्या मुलांना औरस मुलांच्या निम्मा वाटा, हा नियम मात्र जपानमध्ये फार काळ टिकला. 4 सप्टेंबर 2013 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी कायदा बदलला.

गोव्यातल्या वाचकांना राखीव हिस्सा समजावून सांगायची गरज नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात मुलाबाळांसाठी निम्मा भाग बाजूला ठेवलेलाच असतो. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याखाली स्वतः कमावलेली मालमत्ता बाप कुणालाही लिहून देऊ शकतो, म्हणून आपल्याकडच्या प्रेक्षकाला साहेइचं मृत्युपत्र चटकन पटतं आणि गोव्याचा प्रेक्षक लगेच ‘हे कसं चालेल?’ म्हणतो. मी दोन्ही पाहिलं आहे.

कायद्याचा मुद्दा खरा असूनही चित्रपट मला कमकुवत वाटत नाही. त्या बहिणी कोर्टात जात नाहीत, कारण त्यांना हवं ते कोर्ट देऊ शकत नाही. त्यांना बापाने मुलगी म्हणून एकदा तरी जवळ घ्यायला हवं होतं. मृत्युपत्र हे त्याचं शेवटचं उत्तर होतं आणि त्यातही त्यांचं नाव नव्हतं. माझ्या मते सबंध चित्रपट या एका दुखण्यावर उभा आहे, आणि म्हणूनच पैशाचा हिशोब विसरला तरी तो लक्षात राहतो.

पांढरा मुखवटा घातलेला माणूस कोण? तो सुकेकियोच आहे का?

हेच तर कोडं आहे. ते इथे सोडवणार नाही, फक्त मांडतो.

थोरला नातू सुकेकियो ब्रह्मदेशातल्या आघाडीवर होता. परत आला तो डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढऱ्या रबरी मुखवट्यात, कारण लढाईत त्याचा चेहरा जळून विद्रूप झाला होता. मुखवट्याला ओठ आहेत पण ते हलत नाहीत. डोळ्यांच्या भोकांतून दोन जिवंत डोळे दिसतात. नातेवाइकांना संशय येतो की हा सुकेकियो नव्हेच. तेव्हा आई त्याला सगळ्यांसमोर मुखवटा वर करायला लावते. रबर हनुवटीपासून हळूहळू सोलत वर जातं. तो प्रसंग पाहताना शेजारी बसलेल्या माणसाने हात घट्ट धरला नाही, असं माझ्या बाबतीत क्वचितच घडलंय.

तरुण मुलं युद्धावर जाताना देवळात हाताचे ठसे अर्पण करून जात. नासूच्या देवळात सुकेकियोचा तसा ठसा आहे. तो ठसा आणि मुखवट्याच्या माणसाचा ठसा जुळवून पाहायचा, असा आग्रह धरला जातो. रहस्याची एक मोठी कळ इथे आहे, म्हणून तो भाग डोळ्यात तेल घालून पाहा.

1947 च्या जपानी माणसाला ही भीती कल्पनेतली नव्हती. युद्ध संपलं तेव्हा साठ लाखांहून जास्त जपानी सैनिक आणि नागरिक परदेशात अडकले होते. जपानी रेडिओवरून हरवलेल्यांची नावं वाचून दाखवणारा कार्यक्रम 1946 पासून वर्षानुवर्षं चालू होता. दारात येऊन उभा राहिलेला माणूस आपलाच का, हे कित्येक घरांनी स्वतःला विचारलं असेल.

आपला या आघाडीशी खरा संबंध आहे. 1944 च्या मार्चमध्ये जपानी फौजा इंफाळकडे सरकत असताना सांगशाक इथे त्यांना अडवणाऱ्या भारतीय तुकड्यांमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत ‘ब्रह्मदेशात होते’ एवढ्या दोन शब्दांत एखाद्या पणजोबांची आठवण संपते. त्या रणातून दुसऱ्या बाजूने परतलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

इचिकावांनी युद्धाकडे याआधीही दोनदा पाहिलं होतं: 1956 चा ‘बिरुमा नो तातेगोतो’ म्हणजे ‘ब्रह्मदेशाची वीणा’, आणि 1959 चा ‘नोबी’. त्यामुळे मुखवट्यामागचे डोळे त्यांच्या कॅमेऱ्याला इतके नेमके सापडतात, यात मला नवल वाटत नाही.

कुऱ्हाड, कोतो आणि शेवंती यांचा अर्थ काय?

घराण्याच्या वारसाची खूण म्हणून सोन्याच्या तीन वस्तू आहेत: कुऱ्हाड, कोतो हे तंतुवाद्य आणि शेवंतीचं फूल. जपानीत कुऱ्हाडीला ‘योकी’ म्हणतात, वाद्य ‘कोतो’, शेवंती ‘किकु’. तिन्ही एका दमात म्हटलं की ‘योकी कोतो किकु’, म्हणजे ‘चांगली वार्ता ऐकू येते’. हा शब्दांचा खेळ लेखकाने रचलेला नाही. काबुकी नाटकातल्या ओनोए किकुगोरो या घराण्याचं ते जुनं कापडी नक्षीकाम आहे, आजही रुमालांवर आणि युकातांवर, म्हणजे सुती उन्हाळी किमोनोंवर, दिसतं.

चित्रपटात ही शुभवार्ता उलटी फिरते. खून होतात तेव्हा प्रेताशी यातल्या एकेका वस्तूची खूण सापडते. शेवंतीची खूण पहिल्यांदा दिसते तो प्रसंग मनाची तयारी करून पाहा. जपानमध्ये शरद ऋतूत ताज्या शेवंतीच्या फुलांचे कपडे घातलेल्या माणसाएवढ्या बाहुल्या मांडतात, आपल्याकडे गणपतीत देखावे मांडतात तशा. इनुगामींच्या बागेत असा एक देखावा आहे. सकाळच्या धुक्यात कुणीतरी त्याच्याजवळ जातं आणि बाहुल्यांपैकी एकीकडे पाहून थांबतं. एवढंच सांगतो.

या वस्तूंना आणखी एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे आणि ती चित्रपटाच्या मध्यावर कळते. साहेइने एकदा त्या किकुनोला देऊन टाकल्या होत्या. तिन्ही बहिणी एका थंडीच्या रात्री तिच्या घरात घुसल्या आणि तान्ह्या बाळासमोर तिला मारहाण करून वस्तू परत घेऊन आल्या. नंतर त्यांच्यावर जे ओढवतं ते बघताना ही रात्र विसरू नये. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरं, आणि त्यांनी केला हेही खरं.

‘इनुगामी’ म्हणजे काय? हा भुताखेतांचा सिनेमा आहे का?

नाही. ‘इनु’ म्हणजे कुत्रा आणि ‘गामी’ म्हणजे देव. पश्चिम जपानात, विशेषतः शिकोकू बेटावर, काही घराण्यांच्या मागे कुत्र्याची बाधा असते अशी समजूत होती. आडनावाने मनात सावली पडते, तेवढंच. सगळ्या खुनांमागे माणसंच आहेत आणि सगळ्याचा उलगडा माणसाच्या बुद्धीने होतो.

हा गबाळा गुप्तहेर कोण?

कोसुके किंदाइची. चुरगळलेला किमोनो, खाली विटकी हाकामा म्हणजे घोळदार विजार, डोक्यावर जुनी टोपी, हातात एक बॅग. विचार करू लागला की डोकं खाजवतो आणि कोंडा पडतो.

त्याला जन्म देणारे सेइशी योकोमिझो (1902 ते 1981) कोबे शहरातले. किंदाइची पहिल्यांदा आला तो 1946 च्या ‘होनजिन सात्सुजिन जिकेन’मध्ये. आडनाव घेतलं ते क्योसुके किंदाइची या, उत्तर जपानातल्या ऐनू लोकांच्या भाषेच्या प्रसिद्ध अभ्यासकाचं. आपल्याकडच्या तरुण वाचकांना किंदाइची हे नाव मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट यांच्यामुळे माहीत असतं. त्यातला शाळकरी मुलगा याचाच नातू म्हणून दाखवला आहे.

इनुगामींची कादंबरी 1950 ते 1951 दरम्यान ‘किंगु’ या मासिकात क्रमशः आली. 1954 मध्ये तिच्यावर एक चित्रपट झालाही होता, पण त्या काळच्या चित्रपटांतला किंदाइची कोट-पँट घालणारा रुबाबदार नायक असायचा. कादंबरीतला अवतार मोठ्या पडद्यावर खऱ्या अर्थाने आला तो 1976 मध्ये कोजी इशिझाका यांच्या रूपाने. त्यांनी इचिकावांबरोबर 1979 पर्यंत किंदाइचीचे पाच चित्रपट केले. आज जपानमध्ये किंदाइची म्हटलं की अनेकांना तेच दिसतात.

खुद्द योकोमिझो या चित्रपटात किंदाइची उतरतो त्या लॉजचे मालक म्हणून दिसतात. पाहून घ्या, प्रसंग छोटा आहे.

तो तर एकही खून थांबवत नाही. मग त्याचा उपयोग काय?

खरं आहे, थांबवत नाही. आपल्याला सवय असते ती वेळेवर पोहोचणाऱ्या नायकाची. किंदाइची पोहोचतो तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. जुन्या पापाचा हिशोब त्याच्या जन्माआधीपासून चालू आहे, तो एक बाहेरचा माणूस काय थांबवणार?

पण तो ऐकतो, आणि घराण्यात दुसरं कुणीच कुणाचं ऐकत नाही. लॉजमधली हारु नावाची मुलगी, देवळातला पुजारी, कोतो शिकवणारी बाई, सगळ्यांजवळ तो बसतो. हारुला खायला घालतो आणि एकेक प्रश्न विचारत तिला धड जेवूही देत नाही, तो प्रसंग मला फार आवडतो. ताट पुढ्यात आलंय, घास तोंडाशी गेलाय आणि पुन्हा नवा प्रश्न. तांदूळ रेशनवर असलेल्या आणि मुक्कामाला जाताना आपले तांदूळ बरोबर न्यावे लागायच्या त्या दिवसांत गरम जेवणाची किंमत काय असेल, हे लक्षात घेतलं की त्या मुलीचा चेहरा वेगळा दिसतो.

त्याच्या उलट पोलीस अधिकारी ताचिबाना. ताकेशी कातो यांनी रंगवलेला हा माणूस ऐकून पूर्ण व्हायच्या आत हातावर हात आपटून ‘कळलं!’ म्हणतो आणि दर वेळी चुकतो. पुढच्या चित्रपटांतही कातोच पोलीस झाले, फक्त पात्राचं नाव बदलत गेलं.

तळ्यातून वर आलेले ते दोन पाय याच चित्रपटातले का?

होय. पोस्टरवर, विनोदी कार्यक्रमांत, जाहिरातींत, सगळीकडे ते चित्र पोहोचलं आहे. शांत निळसर पाणी आणि त्यातून सरळ वर आलेले दोन उघडे पाय. चित्रीकरण नागानोतल्या आओकी तळ्यावर झालं. गोष्टीतलं नासू मात्र त्याच भागातल्या सुवा तळ्याच्या परिसरावर बेतलेलं आहे. किंदाइची उतरतो त्या लॉजसाठी साकू शहरातल्या मोचिझुकी इथली इदेनोया ही जुनी सराई वापरली. मोचिझुकी हा नाकासेन्दो या जुन्या राजरस्त्यावरचा थांबा.

त्या पायांमागे शब्दांचं एक कोडंही आहे, पण ते सांगितलं तर तिसऱ्या खुणेची मजा जाईल.

पडद्यावरची ती मोठाली अक्षरं कुठेतरी पाहिल्यासारखी वाटतात.

श्रेयनामावलीत काळ्या पडद्यावर पांढरी, जाड मिंचो वळणाची अक्षरं येतात, काही आडवी, काही उभी, काटकोनात वळणारी, आकारही लहानमोठे. हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हँगेलियन’ या ॲनिमे मालिकेतल्या शीर्षकांवर त्याची छाप स्पष्ट आहे. म्हणून ॲनिमे पाहणारी मुलं इथे ‘अरे!’ म्हणतात.

इचिकावांची सुरुवात ॲनिमेशनच्या विभागात झाली होती. चौकट कशी भरायची, कुठे रिकामी ठेवायची, हे ते चित्र काढणाऱ्याच्या नजरेने ठरवतात. मध्येच चित्र थिजतं, मध्येच रंग उडतो, एखादा चेहरा डोळा मिटायच्या आत येऊन जातो.

संगीतात संतूर आहे का?

संतूर नाही, पण कान बरोबर आहेत. यूजी ओनो यांच्या ‘आइ नो बराडो’ या मुख्य धूनमध्ये डल्सिमर वाजतं. तेही छोट्या काड्यांनी तारांवर आघात करून वाजवायचं वाद्य, संतूरच्याच कुळातलं. खुनांच्या गोष्टीला इतकी हळवी धून का, असं पहिल्यांदा वाटतं. शेवटी आईच्या मायेपाशी गोष्ट येऊन पोहोचते तेव्हा ती धून कुणासाठी होती ते कळतं.

कादंबरी आणि चित्रपटात फरक काय?

सगळ्यात मोठा फरक घराण्याच्या धंद्याचा. कादंबरीतला साहेइ रेशमाचा राजा आहे, आणि सुवा भाग खरोखरच रेशीम गिरण्यांसाठी प्रसिद्ध होता. चित्रपटात त्याची औषधांची कंपनी आहे आणि तिची भरभराट लष्कराच्या आश्रयाने झालेली आहे. मला हा बदल कादंबरीहून सरस वाटतो. ज्या संपत्तीसाठी नातवंडं मरतात तिचं मूळच युद्धात आहे, आणि त्याच युद्धातून मुखवटा घातलेला माणूस घरी येतो.

हा चित्रपट जपानमध्ये इतका गाजला कशामुळे?

हारुकी कादोकावा हे प्रकाशक. वडिलांच्या मागे 1975 मध्ये कादोकावा प्रकाशनाची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि त्यांनी चित्रपटनिर्मितीत पहिलं पाऊल टाकलं ते याच चित्रपटाने. पुस्तक, चित्रपट आणि गाणं यांची एकत्र जाहिरात करायची, एकाच्या जोरावर दुसरं खपवायचं, ही पद्धत त्यांनी तिथे रुजवली. योकोमिझोंची जुनी पुस्तकं पुन्हा हातोहात जाऊ लागली. ‘किनेमा जुन्पो’ या नामांकित मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीच्या यादीत चित्रपटाला पाचवं स्थान दिलं, वाचकांनी पहिलं.

मला मात्र यशाचं मोठं श्रेय तिन्ही बहिणींच्या भूमिकांना द्यावंसं वाटतं: मिएको ताकामिने, मिकी सानजो, मित्सुको कुसाबुए. ताकामिने या युद्धाआधीपासूनच्या तारका. त्या नुसत्या सरळ बसलेल्या असल्या तरी खोलीतली हवा बदलते. तामायो झालेल्या योको शिमादा पुढे 1980 च्या ‘शोगुन’ मालिकेतून जगभर पोहोचल्या.

मुलांबरोबर पाहता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. रक्त आहे, प्रेतं आहेत, तामायोवर जबरदस्तीचा प्रयत्न होतो तो प्रसंग आहे. पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही. लांबी 146 मिनिटं आहे, तेव्हा जेवणं आटोपून बसा.

1976 चा पाहावा की 2006 चा?

2006 मध्ये इचिकावांनी हाच चित्रपट पुन्हा केला, तोच किंदाइची घेऊन, बऱ्याच ठिकाणी चौकटीला चौकट जुळवून. दिग्दर्शक एक्क्याण्णव वर्षांचे होते, आणि तो त्यांचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला. 13 फेब्रुवारी 2008 रोजी ते गेले. त्यात सुमिको फुजी मात्सुको आहेत आणि नानाको मात्सुशिमा तामायो. पहिल्या चित्रपटात उमेको झालेल्या कुसाबुए इथे कोतो शिकवणाऱ्या बाईंच्या भूमिकेत आहेत. सुकेकियो झाले ते ओनोए किकुनोसुके, म्हणजे ‘योकी कोतो किकु’ नक्षीच्या त्याच काबुकी घराण्यातले. 2025 मध्ये ते आठवे किकुगोरो झाले.

आधी 1976 चाच पाहा. त्यातली माणसं भुकेली आणि थकलेली दिसतात, आणि ते दिसणं 2006 मध्ये पुन्हा आणता आलेलं नाही. मग थोडे महिने जाऊ द्या आणि 2006 चा पाहा, निदान शेवटासाठी. पहिल्या चित्रपटात गावकरी निरोप द्यायला जमतात आणि किंदाइची त्याआधीच निघून गेलेला असतो. दुसऱ्यात तो गावाबाहेरच्या रस्त्याने चालत जातो, मध्येच थांबतो, वळतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून कमरेत वाकून नमस्कार करतो.